कोलाम मुलांच्या हाती त्यांच्या बोलीतले पुस्तक कधी देणार?

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : यवतमाळ जिल्ह्यातील कोलामी, गोंडी व बंजारा बोलणाऱ्या मुलांच्या शिक्षकांना पुस्तके, प्रशिक्षण व भाषा-मदतनीस मिळण्याबाबत

महोदय,

विषय जुना आहे. निवेदने दिली, ती 'उचित कार्यवाहीस्तव' म्हणून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली आणि तिथेच राहिली. कोणत्या कार्यालयात किती काळ पडून होती, ते उगाळण्यात आता मला रस नाही. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे, कोलाम पोडांवर (वस्त्यांवर) आणि बंजारा तांड्यांवर शिकवले आहे, आणि माझ्या मागून त्या वर्गांत उभ्या राहिलेल्या तरुण शिक्षकांसाठी हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

पहिलीच्या वर्गात काय होते ते आधी सांगतो. मास्तर पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवतो आणि विचारतो, हे काय आहे? चित्र झाडाचे असते, पावसाचे असते, टोपलीचे असते. टोपली तर त्या मुलाच्या आईने कालच विणलेली असते. मूल चित्राकडे बघते, मास्तरकडे बघते आणि मान खाली घालते. मग चौथीतल्या एखाद्या मुलीला हाक मारली जाते. ती येते, पहिलीच्या पोरांजवळ उकिडवी बसते आणि मास्तरचा प्रश्न कोलामीत सांगते. वर्ग एकदम बोलका होतो. ती परत जाते तोवर तिचा गणिताचा तास संपलेला असतो. झरी जामणी, केळापूर, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांतल्या कितीतरी शाळा अशा नऊ-दहा वर्षांच्या मुलींच्या जिवावर चालत आल्या आहेत. सरकारने नेमलेला दुभाषी तिथे एकही नाही.

कायद्याने काय द्यायचे ठरले आहे, ते तुमच्या विभागाला ठाऊक आहेच. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम 350-क आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी करून देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याचे कलम 29 हेच सांगते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह आहे. कोलाम ही तर राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक, कातकरी आणि माडिया गोंड यांच्या जोडीची. नोव्हेंबर 2023 मध्ये या जमातींसाठी पीएम-जनमन अभियान निघाले, 24,104 कोटी रुपयांचे. त्याच्या अकरा बाबींत घरकुल आहे, रस्ता आहे, अंगणवाडी आहे, वसतिगृह आहे, मोबाइलचा मनोरासुद्धा आहे. मुलाच्या बोलीतले पुस्तक त्यात नाही. 2011 च्या जनगणनेत कोलामी बोलणारे सव्वा लाखाच्या वर होते, गोंडी बोलणारे तीस लाखांच्या घरात. बंजारा बोलणाऱ्यांना तर जनगणना हिंदीच्या खात्यात टाकते.

आणि आता मुख्य गोष्ट. पैनगंगा ओलांडली की आता तेलंगणात असलेला आदिलाबाद जिल्हा लागतो. नदीच्या दोन्ही काठांना तेच कोलाम, तेच गोंड, तेच बंजारे. सोयरिकी आजही नदीपल्याड होतात. 2004 साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशाने आठ भाषांत प्राथमिक शाळांसाठी पुस्तके काढून बहुभाषिक शिक्षण सुरू केले. त्या आठ भाषांत गोंडी होती, बंजारा होती आणि कोलामीही होती. म्हणजे आमच्या जिल्ह्याला लागणाऱ्या तिन्ही भाषांची पुस्तके वीस वर्षांपूर्वी नदीपलीकडे छापून वाटली गेली. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज स्वतः आईबाप झाली असतील. अलीकडच्या काठावर मात्र त्याच भाषेतली मुले अजून मान खाली घालून बसतात. या वीस वर्षांत शिक्षण विभागाचा एक अधिकारी नदी ओलांडून ती पुस्तके बघून आला असता, तर त्याला एका दिवसाचा प्रवासभत्ता पडला असता.

मुलांची संख्या थोडी आहे, बोलीला लिपी नाही, शिक्षकांना ती येत नाही, ही तिन्ही उत्तरे मी ऐकली आहेत. त्यांतले एकही टिकत नाही. 1940 मध्ये निजामाविरुद्ध लढणारा गोंड नेता कुमराम भीम मारला गेला, आणि त्यानंतर निजामाच्या सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना आदिलाबादच्या गोंडांकडे पाठवले. 1943 मध्ये मारलावाई या लहानशा गावी गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करणारे केंद्र निघाले. गोंडी वाचनपुस्तके तयार झाली, तीही देवनागरीत, आपल्याच लिपीत. तिकडे महायुद्ध पेटलेले होते, इकडे राजवट निजामाची होती, तरी ते झाले. त्याच जिल्ह्यात सरकारी अधिकारी म्हणून काम करणारे सेतुमाधवराव पगडी गोंडी आणि कोलामी शिकले आणि त्यांनी कोलामीचे व्याकरण लिहिले. महाराष्ट्र त्यांना शिवकाळाचे इतिहासकार म्हणून ओळखतो. मराठी माणसाने हे काम सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी करून ठेवले आहे. 1955 मध्ये भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांचा कोलामीवरचा ग्रंथ कॅलिफोर्निया विद्यापीठाने छापला. अमेरिकेतल्या ग्रंथालयात कोलामी पोचली, झरीच्या शाळेत पोचली नाही.

'एक भारत श्रेष्ठ भारत' या उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावलेली आहे. आमच्या मुलांनी ओडिया वाक्ये पाठ केली, तिथल्या नृत्यांची चित्रे काढली, फोटो वर पाठवले गेले. मुलांनी ते मनापासून केले, त्यात काही वाईट नाही. पण ओडिशाकडून शिकण्यासारखी खरी गोष्ट कोणी सांगितलीच नाही. त्या राज्याने 2006-07 पासून आदिवासी मुलांसाठी आधी 10 आणि पुढे 21 भाषांत शिक्षण सुरू केले आणि त्या त्या भाषेचे शिक्षक नेमले. जोडीदार राज्याचे हे काम शिक्षण विभागाला दिसू नये, याचा मला राग येतो.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तर कहर झाला. 16 एप्रिल 2025 ला पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, 17 जूनला त्यात दुरुस्ती आली, 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती जाहीर झाली. अडीच महिने सारा महाराष्ट्र पहिलीच्या मुलाच्या डोक्यावरच्या ओझ्याबद्दल बोलत होता. कोलाम मुलाचे ओझे कोणी मोजले? त्याला मराठी नवी. 2000 सालापासून पहिलीला इंग्रजी आहे, तीही नवी. हिंदी आली असती तर तिसरी नवी भाषा. आणि जी एकच भाषा त्याला येते तिला वर्गात जागा नाही. मराठीच्या बाजूने मीही त्या दिवसांत बोललो. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा डोळे भरून आले होते. कोलाम मुलाला चांगली मराठी यावी असे मला वाटते, म्हणूनच म्हणतो की पहिली दोन वर्षे तिच्याकडे जाणारा रस्ता त्याच्या बोलीतून काढा. कोलाम आईबापही हेच मागतात. पोराने मराठी शिकावे, पण रडून शाळा सोडू नये.

शिक्षकाची बाजूही ऐका. बदलीने किंवा नव्या भरतीने आलेला तरुण दुसऱ्या जिल्ह्यातला असतो. डी.एड.च्या दोन वर्षांत त्याने कोलामीचे नावही ऐकलेले नसते. तो आपल्या वहीत शब्द टिपून घेतो, बायाबापड्यांना विचारतो, आणि जरा बोलू लागला की पुढच्या बदलीची यादी लागते. वही त्याच्याबरोबर जाते, नवा येतो तो कोऱ्या पानावर सुरू करतो. पुण्यात बोलींचे शब्दसंग्रह आणि पुस्तिका झाल्याचे कानावर येते. मी ज्या शाळांत होतो त्यांच्या कपाटांत त्या कधी आल्या नाहीत. संस्कृती म्हणून जे वर्गात येते ते 9 ऑगस्टला, आदिवासी दिनाला येते: मुलांना मोरपिसे लावायची, नाच बसवायचा, फोटो अपलोड करायचा. बंजारा मुलींना होळीची लेंगी आणि तीजेची गाणी तोंडपाठ असतात, कोलाम पोरांना दंडार येते. हे भाषेच्या तासाला कसे वापरायचे, हे शिक्षकाला कोणी शिकवलेले नाही.

भूगोलाच्या तासालाही बोली उपयोगी पडते. आशियाच्या नकाशाचेच घ्या. कोलामी बोलणाऱ्या मुलीला त्या नकाशावर बलुचिस्तान दाखवता येते, कारण तिथली ब्राहुई तिच्याच द्राविडी कुळातली आहे. श्रीलंका आणि सिंगापूर दाखवता येते. तिथे राजभाषा असलेली तमिळही त्याच कुळातली. शेजारच्या बाकावरच्या बंजारा मुलाला राजस्थानची वाट दाखवता येते. पोडावरची मुलगी अख्ख्या खंडाशी जोडली जाते आणि वर्गातली बाकीची मुले तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागतात. यासाठी शिक्षकाला चार पानांची माहिती हवी. ती चार पाने देणेही आजवर जमलेले नाही.

तुमच्याकडे आकडे नाहीत असे म्हणू नका. युडायस प्लस या शाळांच्या सरकारी माहितीप्रणालीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे मातृभाषेचा रकाना आहे आणि तो शिक्षकच भरतो. अनेक ठिकाणी तिथे सरसकट 'मराठी' लिहिलेले मी पाहिले आहे. तो रकाना यंदा खरा भरून घ्या, म्हणजे कोणत्या शाळेत कोणत्या बोलीची किती मुले आहेत ते एका आठवड्यात कळेल.

तेलंगणाकडून कोलामी, गोंडी आणि बंजारा पुस्तके मागवा. इकडची कोलामी थोडी वेगळी आहे, म्हणून पांढरकवड्यात इथल्याच कोलाम जाणत्यांना बसवून ती तपासून घ्या आणि देवनागरीत छापा. पोडावरच्या बारावी झालेल्या मुलामुलींना मानधनावर भाषा-मदतनीस नेमा. शिक्षकांचे प्रशिक्षण पोडावर, त्या माणसांसमोर घ्या. मोबाइलवरच्या लिंकने बोली येत नाही. आणि जो शिक्षक बोली शिकला, त्याला राहायचे असेल तर बदलीतून सूट द्या.

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरच्या आठवड्यात उघडतात. त्याआधी निदान झरी जामणी आणि केळापूरच्या पहिलीच्या वर्गांत कोलामी पुस्तक पोचवा, आणि पोचवणार नसाल तर का नाही, ते या पत्राच्या उत्तरात लेखी कळवा.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
जि. यवतमाळ