थिएटर ऑर्गन: यंत्राने हिरावलेल्या रोजगाराचा सुरेल इतिहास (थ्रेड)

१/ ऑर्गन म्हटले की मराठी रसिकांना संगीत नाटकाच्या साथीचा, पायाने भाता चालवायचा ऑर्गन आठवतो. त्याचा नाद धातूच्या पट्ट्यांच्या कंपनातून उमटतो. अमेरिकेतील मूकपटगृहांचा ऑर्गन निराळा: त्याच्या शेकडो, प्रसंगी हजारो नळ्या प्रेक्षागृहाच्या भिंतींआड दडलेल्या असतात.

२/ त्याचा प्रमुख शिल्पकार रॉबर्ट होप-जोन्स हा इंग्रज मूळचा टेलिफोन अभियंता. १९०३ मध्ये तो अमेरिकेत गेला. १९१० मध्ये वुर्लिट्झर कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला.

३/ पट्टी दाबली की विद्युतप्रवाह सुरू होतो, विद्युतचुंबक एक चिमुकली झडप उघडतो, चामड्याचा छोटा भाता मिटतो, मुख्य झडप उघडते आणि दाबाखालील हवा नळीत शिरते. वादक आणि नळ्या यांना जोडणारा दुवा म्हणजे केवळ तारांचा जुडगा. त्यामुळे वादकाचे आसन नळ्यांपासून दूर, रंगमंचापुढे ठेवता येई.

४/ नळ्यांची एकच रांग निरनिराळ्या सप्तकांत वापरण्याची सोय असल्याने थोड्या नळ्यांत मोठा पल्ला गाठता येई. शिवाय खरेखुरे ढोल, झांजा, घोड्यांच्या टापा, पक्ष्यांची शीळ हे सारे त्याच वादकाच्या हाताखाली!

५/ ‘बोलपटाने या वाद्याचा बळी घेतला’ असे सर्रास म्हटले जाते. १९२७ च्या ‘द जॅझ सिंगर’नंतर ऑर्गनवादकांची गरज झपाट्याने ओसरली, हे खरेच. पण ही कथा अर्धी आहे.

६/ वुर्लिट्झर हे वाद्य ‘युनिट ऑर्केस्ट्रा’ या नावाने विकत असे. त्या नावातच हेतू उघड आहे: अनेक वादकांचे काम एकाने करावे. भव्य चित्रपटगृहांत वाद्यवृंदही टिकून होते. परंतु इतरत्र ज्या यंत्राने वादकांची जागा घेतली, त्याच्या वादकाची जागा पुढे दुसऱ्या यंत्राने घेतली. केवळ दुसऱ्या टप्प्यावर अश्रू ढाळणे हा इतिहास नव्हे, स्मरणरंजन आहे.

७/ मग हे वाद्य जपावे कशाला? अटलांटाच्या फॉक्स थिएटरकडे पाहावे. १९२९ मध्ये सुरू झालेल्या या वास्तूत ३,६२२ नळ्यांचा मोलर ऑर्गन आहे. मुका पडलेला तो ऑर्गन १९६० च्या दशकाच्या आरंभी दुरुस्त होऊन पुन्हा वाजू लागला. १९७० च्या दशकात वास्तूवर पाडकामाचे संकट आले, तेव्हा नागरिकांनी चळवळ उभारून ती वाचवली.

८/ थिएटर ऑर्गनला संग्रहालयातील काचपेटी मानवत नाही. प्रेक्षागृह हाच त्याचा देह. नळ्या सुट्या करून विकल्या की धातू आणि लाकूड उरते, वाद्य नव्हे. चामडे झिजते, ते बदलावे लागते. म्हणजे त्यासाठी जाणती माणसे हवीतच. माणसे कमी करण्यासाठी घडलेले हे यंत्र आज माणसांच्या निष्ठेवरच जगते. ते अवश्य जपावे, मात्र त्याच्या आगमनाने ज्यांची वाद्ये मुकी झाली, त्या अनामिक वादकांची नोंदही त्याच्या शेजारी असावी.