प्रेक्षकांनो, जरा आवाज आवरा!

रविवारची मिस्सा आटोपून आम्ही मांजरीच्या एका मैदानाकडे वळलो होतो. मुळा-मुठेच्या काठचे हे गाव पुणे महापालिकेत गेले, मळ्यांच्या जागी इमारती आल्या आणि मुलांना खेळायला मोकळी जागा थोडी उरली. त्या थोड्या जागेत अकरा-बारा वर्षांच्या मुलांचा क्रिकेटचा सामना चालला होता. एका मुलाचे लागोपाठ तीन चेंडू वाईड गेले. सीमारेषेवरून त्याचे वडील ओरडले, "अरे गाढवा, एवढेही जमत नाही?" बघणारे हसले. चौथा चेंडू त्याच्या हातून निसटून पायाशीच पडला, तेव्हा हशा वाढला. मुलाने मान खाली घातली आणि ती सामना संपेपर्यंत वर केली नाही. वाचकहो, हसणाऱ्यांत आम्हीही होतो, हे कबूल केल्याशिवाय पुढे लिहिण्याचा अधिकार आम्हांस नाही.

प्रेक्षक म्हणजे खेळाचा निरुपद्रवी साक्षीदार, अशी आपली भाबडी समजूत आहे. ती खोटी आहे. १३ मार्च १९९६ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात श्रीलंकेविरुद्ध भारताचा डाव १ बाद ९८ वरून ८ बाद १२० असा कोसळला. प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये जाळपोळ केली. अखेर सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. त्या वेळी नाबाद असलेला चोवीस वर्षांचा विनोद कांबळी रडत रडत मैदानाबाहेर आला. ते अश्रू साऱ्या देशाने दूरदर्शनवर पाहिले. पराभवाचे दुःख खेळाडू पचवतो, परंतु आपल्याच माणसांनी डाव उधळून लावल्याचे दुःख त्याने कोठे ठेवावे?

'तो कोलकात्याचा जमाव, आम्ही मुंबई-पुण्याचे रसिक तसे नव्हे,' असे कोणी म्हणेल. मग मार्च २००६ आठवावा. इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन तेंडुलकर एकवीस चेंडूंत एक धाव काढून बाद झाला आणि त्याच्याच वानखेडेवर त्याची हुर्यो उडवली गेली. १ एप्रिल २०२४ रोजी त्याच मैदानावर मुंबईचा नवा कर्णधार हार्दिक पंड्या नाणेफेकीला आला, तेव्हा एवढा कल्ला झाला की समालोचक संजय मांजरेकर यांना 'नीट वागा' असे प्रेक्षकांना सांगावे लागले. रोहित शर्माच्या जागी नेमणूक झाली, एवढाच त्याचा अपराध. २९ जूनला बार्बाडोसमध्ये त्याने विश्वचषकाचे अखेरचे षटक टाकून भारताला जिंकून दिले आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. तीन महिन्यांत माणूस बदलला नव्हता. अशा जयघोषाला आम्ही प्रेम म्हणणार नाही, तो जिंकणाऱ्याचा बाजारभाव आहे.

'टीका सोसल्याशिवाय खेळाडू कणखर होत नाही,' हा नेहमीचा युक्तिवाद. मानसशास्त्र वेगळे सांगते. सायकलस्वार एकटे असताना संथ आणि इतरांसोबत वेगवान धावतात, हे नॉर्मन ट्रिपलेट यांनी १८९८ सालीच नोंदवले होते. पुढे १९६५ मध्ये रॉबर्ट झायोंक यांनी त्यातील मर्म उलगडले. पाहणारे समोर असले की अंगवळणी पडलेली कृती अधिक चांगली होते, पण अर्धवट शिकलेली कृती अधिकच बिघडते. १९६९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे झुरळांवरही पडताळले. इतर झुरळे पाहत असताना झुरळ सरळ वाटेने वेगात पळाले, वळणाच्या वाटेत मात्र अडखळले. म्हणजे मुरलेल्या खेळाडूला टाळ्या बळ देतील, पण नुकतेच शिकू लागलेल्या मुलाचे शिकलेलेही आपल्या आरड्याओरड्याने मोडते. मांजरीच्या त्या मुलाचा चौथा चेंडू आळसाने निसटला नव्हता. तो आम्ही निसटायला लावला.

आणि गर्जनेवाचून पराक्रम होत नाही म्हणावे, तर ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत प्रेक्षकांविना नीरज चोप्राने ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळवले. आम्ही टाळ्यांच्या विरोधात नाही. कुस्तीच्या फडात हलगी कडाडते, तेव्हा मल्लाच्या अंगात वीज संचारते, आणि बरोबरीत सुटलेल्या दोघांच्याही पाठीवर थाप पडते. आमचा आक्षेप टाळीला नसून तिच्यामागच्या सौदेबाजीला आहे.

तेव्हा आईवडिलांना आमचे रोखठोक सांगणे आहे. मुलगा किंवा मुलगी खेळत असताना सीमारेषेपासून दहा पावले दूर उभे राहा. शिकवण्याचे काम शिक्षकावर सोडा. शेजाऱ्याच्या मुलाशी तुलना करू नका. पंचाचा निर्णय पटला नाही तरी मुलांदेखत त्याच्या अंगावर धावून जाऊ नका, कारण उद्या ती तेच करतील. घरी परतताना 'किती धावा झाल्या?' हा प्रश्न गिळून टाका आणि 'भूक लागली का?' एवढेच विचारा. हरून आलेल्या लेकराला तेवढ्याने पुरते.

पुढच्या रविवारी तो मुलगा मैदानावर दिसला नाही. कदाचित त्याला बरे नसेल, कदाचित घरी पाहुणे आले असतील. परंतु आमचे मन ते मानायला तयार नाही.