किडासुद्धा डोकं बाहेर काढतो

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. सोमवार सकाळ, चाकणचं ऑफिस आणि मोटिव्हेशनल ट्रेनिंग! मोशी ते तळेगाव चौक ट्रॅफिकमध्ये घासत कसेबसे पोचलो, खुर्चीत टेकलो, तोच पडद्यावर एक केसाळ किडा अवतरला.

‘‘हा पाँपेई वर्म. ऐंशी डिग्रीत मजेत राहतो! आणि तुम्ही? एसी बंद पडला की लगेच मेल टाकता!’’

सगळे हसले. माझ्या शेजारी बसलेला हीट ट्रीटमेंटमधला मित्र तेवढा हसला नाही. आदल्याच आठवड्यात त्याच्या शॉपमधला एक पोरगा भट्टीसमोर चक्कर येऊन पडला होता. कूलर द्या, पाळीपाळीने बाहेर सोडा, ही मागणी ‘बघू’वर अडकलेली.

रात्री चिंचवडला घरी आल्यावर त्या किड्याची कुंडलीच काढली.

पत्ता : पूर्व प्रशांत महासागर, सुमारे अडीच हजार मीटर खोल. तिथं समुद्राच्या तळाला भेगा आहेत. आत झिरपलेलं पाणी खालच्या तप्त खडकांनी तापतं आणि गंधक, लोखंड, तांबं विरघळवून घेऊन काळ्या धुरासारखं वर उसळतं. तापमान साडेतीनशे डिग्रीच्या आसपास! वरच्या पाण्याचा दाबच एवढा, की ते उकळत नाही. आणि हातभर अंतरावर? फ्रीजसारखं दोन डिग्रीचं पाणी. ही धुराडी सापडली १९७९ मध्ये.

आपले साहेब या धुराड्यांच्या भिंतीवर कागदासारखी नळी बांधून राहतात. लांबी फार तर बोटभर. पाठीवर जिवाणूंची लोकर. तिला हा अंगातून चिकट रस खाऊ घालतो आणि बदल्यात ती बहुधा उष्णतेपासून थोडं वाचवते. १९९८ मध्ये शास्त्रज्ञांनी नळीच्या तळाशी तापमान मोजलं. सरासरी ६८, मधूनच ८० च्या वर. ट्रेनरची ऐंशी डिग्री ती हीच!

पण नळीच्या तोंडाशी तापमान होतं साधारण २२. म्हणजे शेपूट भट्टीत, डोकं बाहेर हवेशीर! पुढे २०१३ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी हे किडे समुद्रतळाचाच दाब कायम ठेवून वर आणले आणि टाकीत हळूहळू तापवून पाहिले. ४२ डिग्रीत ठीक होते. ५० ते ५५ मध्ये मेले. ऐंशी हा आकडा जागेचा होता, किड्याचा नव्हता.

भट्टीचा मीटर आणि माणसाचा मीटर वेगळा असतो, हे आमच्या शॉपमधल्या कुठल्याही ऑपरेटरने सांगितलं असतं. विचारलं कोणी?

असल्या जागा आपल्या हिंदी महासागरातही आहेत बरं का. डिसेंबर २०२४ मध्ये वास्को (गोवा) आणि चेन्नईच्या सरकारी संस्थांच्या शास्त्रज्ञांनी साडेचार हजार मीटर खोलीवरच्या अशा जिवंत धुराड्याचे फोटो मिळवले. पाँपेई वर्म या समुद्रात नाही. इथल्या काही धुराड्यांवर पायाला लोखंडाचे खवले असलेली गोगलगाय राहते. तिनेसुद्धा सेफ्टी शूजची सोय आधी केली, मग कामाला लागली!

पुढच्या सोमवारी मित्र उभा राहिला. ‘‘सर, तो किडा पंचावन्नला मरतो. आणि डोकं गारव्यात ठेवतो.’’

हॉलमध्ये पिन ड्रॉप सायलेन्स. मग मागून कोणीतरी टाळी वाजवली. मग बऱ्याच जणांनी.

पंधरा दिवसांनी शॉपमध्ये दोन कूलर आले. पाळीपाळीने बाहेर येण्याचं मात्र अजून ‘बघू’.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या वेळी कोणी तुम्हाला सहनशक्तीचं उदाहरण दिलं, तर एवढंच विचारा : थर्मामीटर नक्की कुठं लावला होता?