तलवार जेथे निघाली नाही

रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी आहे. १९९६ साली तेथून रोपवे सुरू झाला आणि तेव्हापासून गडावर जाणाऱ्या पुष्कळांची वाट या वाडीतूनच जाते. माणसे काही मिनिटांत वर पोचतात, राज्याभिषेकाची जागा पाहतात, समाधीपुढे मस्तक नमवितात. १६८९ साली गड मोगलांच्या हाती कसा गेला आणि १० मे १८१८ रोजी कर्नल प्रॉथरच्या तोफांपुढे तो कसा पडला, हे ऐकून खाली उतरतात. लढाई केव्हा झाली व कोणी जिंकली, हे आपल्या सुशिक्षितांस उत्तम ठाऊक असते. ती का झाली, आणि जेथे ती होण्याची सारी लक्षणे दिसत होती तेथे ती का झाली नाही, हा प्रश्न मात्र आमच्या इतिहासप्रेमात क्वचितच डोकावतो. जगातील अनेक विद्यापीठांत हा प्रश्न आज एका स्वतंत्र शास्त्राचा विषय झाला आहे. त्या शास्त्राला आमचे म्हणून काही सांगावयाचे आहे काय, हा आजच्या अग्रलेखाचा विषय आहे.

या शास्त्राचा एक आद्य पुरुष सेनापती नव्हता, मुत्सद्दीही नव्हता. लुइस फ्राय रिचर्डसन हे ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ होते. धर्माने क्वेकर असल्यामुळे पहिल्या महायुद्धात त्यांनी बंदूक हाती धरली नाही; फ्रान्सच्या आघाडीवर जखमींची रुग्णवाहिका हाकली. हवामान खाते विमानखात्याच्या अखत्यारीत गेले तेव्हा १९२० साली त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला, आणि पुढे पाऊस मोजावा तशी ते युद्धे मोजू लागले. एका माणसाच्या खुनापासून महायुद्धापर्यंतची सारी प्राणघातक भांडणे त्यांनी एकाच मापपट्टीवर मांडली. त्यांचा हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १९६० साली प्रसिद्ध झाला. ज्या राष्ट्राच्या सीमेला शेजारी अधिक, त्याच्या वाट्याला युद्धेही अधिक, असे त्यांना आढळले. आणि भाषा एक असली म्हणजे माणसे एकमेकांच्या जिवावर उठत नाहीत, ही भोळी समजूत आकड्यांपुढे टिकत नाही, असेही दिसून आले. त्यांच्या मागून अनेक जण आले. शिकागोला क्विन्सी राइट यांचा युद्धविषयक महाग्रंथ १९४२ सालीच निघाला होता. ऑस्लो येथे १९५९ साली शांतिसंशोधनाची संस्था उभी राहिली. १९६३ साली मिशिगन विद्यापीठात डेव्हिड सिंगर यांनी युद्धांची पद्धतशीर गणना आरंभिली. स्वीडनमधील उप्सला विद्यापीठ हे काम आज वर्षागणिक करते. तेथील नियम असा की, निदान एक पक्ष शासनाचा असलेल्या लढ्यात एका वर्षात पंचवीस माणसे मारली गेली, तर तो सशस्त्र संघर्ष. हजार मारली गेली, तर ते युद्ध.

या नियमाला कोणी हसू नये. मोजल्याविना शास्त्र नाही, आणि मोजावयाचे तर कोठेतरी रेघ ओढावीच लागते. परंतु ही रेघ ओढली की तिच्याखाली काय काय राहून जाते, ते पाहण्यासाठी ऑस्लोस जावयास नको. हिरकणीवाडीहून पंचवीसेक किलोमीटरांवर महाड आहे.

महाडची हकीकत वाचकांस ठाऊक आहे. परंतु आम्ही ती वेगळ्या कारणासाठी सांगत आहोत. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेकौन्सिलने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असलेल्या महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. तळ्याकडे कोणी फिरकू शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे हजारो लोक रांगेने गेले आणि पाणी प्याले. मग आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि काठ्या घेतलेल्या जमावाने परतणाऱ्यांवर, जेवावयास बसलेल्यांवर हल्ला केला. डोकी फुटली. कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आश्रय घ्यावा लागला. पुढे तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या परिषदेस आलेला समाज शस्त्रांना अपरिचित नव्हता. कोकणातील या खोऱ्यांत जमीन थोडी, पावसाळ्यातील भाताखेरीज पीक नाही. तेव्हा फौजेची चाकरी ही येथली जुनी पोटाची वाट. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत येथल्या महारांनी पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली. पुढे त्यांची भरती बंद झाली. महायुद्धाची गरज पडताच १९१७ साली महारांची एकशे अकरावी पलटण उभारली गेली आणि गरज सरताच १९२१ साली ती मोडली. १९२७ साली या तालुक्यांत बंदूक चालविलेली, पगार व मानही पाहिलेली आणि आता गावात पाण्यासाठी दूर उभी राहणारी माणसे होती. पलटण मोडून घरी धाडलेले शिपाई, ताजा अपमान आणि फुटलेली डोकी! यादवी युद्धांची कारणे शोधणाऱ्या कोणत्याही अभ्यासकापुढे हे तीन घटक ठेवले तर तो रक्तपाताचेच भाकीत करील. मारणारे त्या दिवशी संख्येने अधिक होते, असेही नव्हे. तरीही प्रतिहल्ला झाला नाही. डॉ. आंबेडकरांनी आपल्या माणसांस आवरले आणि माणसे आवरली गेली.

का आवरली गेली? 'थोर नेत्याची आज्ञा' हे उत्तर अपुरे आहे. नेत्यांच्या आज्ञा मोडल्याची उदाहरणे इतिहासात पैशाला पासरी सापडतात. आमच्या मते येथे निदान तीन गोष्टी तपासावयास हव्यात. पहिली, ज्या शिपाईगिरीमुळे हात उगारता आला असता, त्याच शिपाईगिरीतील शिस्तीने तो रोखला काय? दुसरी, समोरचा समाज एकसंध नव्हता. टिपणीस होते, अनंतराव चित्रे होते, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे होते. डिसेंबरच्या परिषदेस कोणी जागा देईना तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने ती दिली. सारे जग आपल्या विरुद्ध आहे असे ज्याला वाटत नाही, तो सहसा शेवटच्या उपायाला हात घालीत नाही. तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. ठराव, कौन्सिल, कोर्ट ही दारे अर्धवट का होईना, उघडी होती. डिसेंबर १९२७ मध्ये कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला, तेव्हा त्याचा मान राखून सत्याग्रह तहकूब झाला. पुढचे सारे कायद्याने झाले आणि कायद्याच्याच गतीने झाले. उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय १७ मार्च १९३७ रोजी आला. घोटभर पाण्यासाठी दहा वर्षे; त्यांतून उणे केवळ तीन दिवस!

शांतिसंशोधनाच्या वह्यांत याची नोंद कोठे करावी? पंचवीस मृतांच्या निकषाने महाडचा आकडा शून्य. एरिका चेनोवेथ व मारिया स्टीफन यांनी १९०० ते २००६ या काळातील ३२३ मोहिमा तपासून, निःशस्त्र मोहिमांपैकी ५३ टक्के यशस्वी झाल्या व सशस्त्रांपैकी केवळ २६ टक्के, असे २०११ साली दाखवून दिले. काम मोलाचे आहे. पण त्यांचे जाळे राजवटी उलथविणाऱ्या आणि परकी सत्ता हाकलणाऱ्या मोहिमांसाठी विणलेले. एका तळ्याचा लढा त्यातूनही निसटतो.

ऑस्लोच्या संस्थेचे प्रवर्तक योहान गाल्तुंग यांनी १९६९ साली या उणिवेवर बोट ठेवले. युद्ध नसणे ही शांततेची केवळ एक बाजू. जेथे समाजाची रचनाच काही माणसांचे आयुष्य खुरटून टाकते तेथे कोणी कोणास मारीत नसले तरी हिंसा चालूच असते, असे ते म्हणाले. गांधीविचारावर आर्ने नेस यांच्यासमवेत ग्रंथ लिहिलेल्या माणसास हे सुचावे यात नवल नाही. केनेथ बोल्डिंग यांनी त्यांच्याशी वाद घातला. प्रत्येक अन्यायास हिंसा म्हटले तर त्या शब्दाचा अर्थच पातळ होतो, हा त्यांचा आक्षेप आम्हांस निम्मा पटतो. प्रेतांची गणना वेगळीच ठेवावी. परंतु १९ मार्च १९२७ पर्यंत महाडमध्ये 'शांतता' होती, असे लिहिण्यास आमची लेखणी धजत नाही. गडाचे दरवाजे सांजेला मिटले म्हणून तान्ह्यासाठी कडा उतरणाऱ्या हिरकणीची दंतकथा आपण कौतुकाने सांगतो. त्या रात्री गडावर बंदोबस्त चोख होता, यात शंका नाही.

पुणे विद्यापीठात संरक्षणशास्त्राचा विभाग कित्येक दशके आहे, आणि राष्ट्रास त्याची गरज आहे. परंतु सरहद्दीवरील युद्धांचा अभ्यास होतो, तितक्याच कसोशीने न झालेल्या लढायांचा अभ्यास मराठी विद्यापीठांत का होऊ नये? महाडचा लढा आज गौरवाचा विषय झाला आहे. दर २० मार्चला तळ्याकाठी हजारो लोक जमतात. गौरव योग्यच आहे. पण चिकित्सेचे काम गौरवाने भागत नाही. शेजारच्या पोलादपूर तालुक्यातील गावांत त्या वर्षी काय घडले? हल्ल्याची आवई कोणी व कशी पसरविली? पेन्शनर शिपायांच्या वस्त्या कोणत्या, आणि तेथील माणसे अधिक संयमी ठरली काय? ही उत्तरे परदेशी सूचीत नाहीत. ती नगरपालिकेच्या ठरावबुकांत, कोर्टाच्या कागदांत आणि वाड्यावस्त्यांवरील घरांच्या ट्रंकांत, आजोबांच्या पेन्शनपत्रांशेजारी शोधली पाहिजेत. सावित्रीचा पूर महाडला नवा नाही. जुलै २०२१ मध्ये तो शहरात कोठवर चढला, हे सर्वांनी पाहिले आहे. मुंबई वा पुणे विद्यापीठाने येत्या हिवाळ्यात चार विद्यार्थी आणि कागदांची छायाचित्रे घेण्याचे एक यंत्र महाडास धाडावे. खर्च फार नाही, आणि पावसाळ्यापूर्वी बरेच काम उरकेल.