पाचच गाड्यांचा न्याय

१२ डिसेंबर २०२१, अबू धाबी. लुईस हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टॅपन दोघांचेही ३६९.५ गुण. हॅमिल्टन आठव्या विजेतेपदापासून एका लॅपवर होता. अपघातामुळे सेफ्टी कार आली आणि मागे पडलेल्या गाड्यांपैकी फक्त पाच गाड्यांना पुढे जाऊ दिले, म्हणजे या दोघांमध्ये होत्या तेवढ्याच. नव्या टायरवरचा व्हर्स्टॅपन जिंकला. पुढे चौकशीत ही मानवी चूक ठरली, निकाल मात्र तोच राहिला. नियम काहींना लावला, काहींना नाही, हा चाहत्यांचा राग रास्तच होता.

आपल्याकडे हॅमिल्टनचे नाव निघते ते दुसऱ्या कारणाने. त्याच वर्षी जुलैत सिल्व्हरस्टोनला त्याची व्हर्स्टॅपनशी टक्कर झाली. चूक कुणाची यावर वाद होऊ शकतो, पण शिव्या त्याच्या कातडीला पडल्या. २४ ऑक्टोबरला दुबईत भारत पाकिस्तानकडून हरला. खेळले अकरा, पण शिव्या मोहम्मद शमीला. कारकिर्दीच्या सुरुवातीलाही, २००८ मध्ये, बार्सिलोनाला प्रेक्षक तोंडाला काळे फासून हॅमिल्टनला चिडवायला आले होते. जिंकलास तर आमचा, हरलास तर परका, हा हिशोब आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून २०२० मध्ये तो शर्यतीआधी गुडघ्यावर बसला तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. ‘खेळात राजकारण नको’ म्हणणाऱ्यांना त्याचेच उदाहरण दिले.

मग तो बहारीन आणि सौदीबद्दल बोलला की आपल्याला अचानक तेच वाक्य का आठवते?

२०११ मध्ये बहारीनची जनता रस्त्यावर उतरली आणि शर्यत रद्द झाली. पुढच्याच वर्षी गाड्या पुन्हा धावल्या. तिथे छळ सोसलेल्यांनी २०२० मध्ये हॅमिल्टनला पत्रे लिहिली. मार्च २०२२ मध्ये सौदीने एका दिवसात ८१ जणांना देहदंड दिला आणि त्याच महिन्यात जेद्दाहला शर्यत भरवली. चौदाव्या वर्षी अटक झालेल्या, देहदंडाच्या छायेत असलेल्या मुलाच्या आईने त्या वेळी हॅमिल्टनलाच पत्र लिहिले. ती आई मुसलमान, मुलगा मुसलमान. तिला एका ख्रिस्ती ड्रायव्हरचे दार ठोठवावे लागले, याची शरम आपल्याला वाटायला हवी.

यावर ठरलेले उत्तर येते: हा पाश्चात्त्यांचा दुटप्पीपणा आहे, हॅमिल्टन स्वतः बहारीनमध्ये पाच वेळा जिंकला, तिथल्या पैशावर हा खेळ चालतो. सगळे खरे आहे. तो काही वली नाही. २०२० पासून अरामको फॉर्म्युला वनची मोठी प्रायोजक आहे आणि तो शर्यती सोडत नाही. त्याला जरूर जाब विचारा. पण विचारणाऱ्याच्या खिशात काय आहे, यावरून प्रश्न खोटा ठरत नाही. पश्चिमेचा दुटप्पीपणा मोजताना आपलाही मोजावा लागेल.

साक्ष आपल्या माणसांविरुद्ध जात असली तरी न्यायाची बाजू सोडू नका, ही सूरह निसाची शिकवण आपण दर रमजानमध्ये ऐकतो. शमीसाठी आपण इन्साफ मागतो, आणि तो मागायलाच हवा. पण राजा मुसलमान असला की कैद्याचा हक्क संपतो, असे मानणार असू तर आपला इन्साफ अबू धाबीसारखाच आहे. सोयीच्या पाच गाड्या सोडायच्या, बाकीच्यांनी मागेच थांबायचे.