बाळंतपणाची शिकवणी

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. मराठी घरात डोहाळजेवण, कानडी घरात कुबस झालं की लेक माहेरी येते. माझ्या भाचीनं मात्र ही रीत मोडली. ती इंदूरला नांदते. नाव तिथल्याच दवाखान्यात नोंदवलेलं, नवऱ्याची नोकरीही तिथलीच. मग ताईच बेळगावहून इंदूरला गेली आणि कॉलेजला सुट्टी लागताच मीही. होळकरांचं गाव ते, मराठी माणसाला परकं वाटत नाही. नवल वाटलं ते भाची दर शनिवारी नवऱ्याला घेऊन बाळंतपणाच्या 'क्लास'ला जात होती याचं. "आम्ही काय शिकवणी लावून बाळंत झालो?" हा ताईचा शेरा.

एकदा मीही तिच्याबरोबर गेले. सतरंजीवर आठ-दहा जोडपी, शिकवणं हिंदीतून. खऱ्या आणि खोट्या कळा कशा ओळखायच्या, श्वास कसा लांबवायचा, नवऱ्यानं कंबर कुठे दाबायची. शिकवणं चोख होतं. खटकली ती भिंतीवरची पाटी. क्लास करा आणि नॉर्मल डिलिव्हरी मिळवा, अशा अर्थाची.

भीतीनं अंग आखडतं, त्यानं वेदना वाढते आणि वेदनेनं पुन्हा भीती, हे चक्र ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांनी मांडलं. फ्रान्सच्या फर्नांड लामाझ यांनी 1951 मध्ये रशियातली पद्धत पाहून पॅरिसमध्ये श्वासाचे धडे सुरू केले. पुढे त्याची पारख झाली, पण निकाल एकसारखा नाही. सिडनीतल्या 2016 च्या छोट्या चाचणीत क्लास केलेल्यांत सिझेरियन शंभरात 18, इतरांत 32 च्या वर. उलट स्वीडनमध्ये 2009 साली हजारावर पहिलटकरणींत, श्वासाचे धडे घेतलेल्या आणि साधा वर्ग केलेल्या अशा दोन्ही गटांत कमरेत भूल घेणाऱ्या सारख्याच, शंभरात 52. मला पटला तो डेन्मार्कचा 2010 चा निष्कर्ष : शिकलेल्या बायका कळा नीट लागल्यावरच दवाखान्यात पोचल्या, उगाच आधी धावल्या नाहीत.

भाचीचंही तसंच झालं. ताई "निघा, निघा" म्हणत होती आणि ही घड्याळ लावून कळा मोजत बसलेली. पाच-पाच मिनिटांवर आल्या तेव्हा निघालो. (अंगावर लाल किंवा पाणी गेलं, बाळाची हालचाल मंदावली, तर मात्र मोजत बसायचं नाही, हेही क्लासनंच शिकवलेलं.) आत गेल्यावर श्वासाचे धडे पार विसरली म्हणे. ताई जवळ होती. तिचा हात धरून ताई एकच शब्द बोलत राहिली, "हेदरबेड, हेदरबेड." घाबरली की आमची ताई कानडीत शिरते! दहा तासांनी बाळाचे ठोके मंदावले आणि सिझेरियन झालं. मुलगी छान आहे.

तिसऱ्या दिवशी भाची रडत म्हणाली, "मावशी, क्लासमध्ये मी सगळ्यांत पुढे होते. मग नापास कशी झाले?"

त्या पाटीचा मला खरा राग आला तो तेव्हा. ठोके मंदावले तर श्वास काय करणार? शिवाय 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सिझेरियनचं प्रमाण खासगी दवाखान्यांत शंभरात 47, सरकारीत 14. कर्नाटकात 31, मध्य प्रदेशात 12. हा फरक काय बायकांच्या श्वासामुळे पडतो?

भक्कम पुरावा आहे तो ताईसारख्या सोबतीचा. जगभरच्या 26 चाचण्या, पंधरा हजारांवर बायका, 2017 चा आढावा : कळांच्या वेळी सतत कुणी जवळ असेल तर बाळंतपण थोडं लवकर होतं, सिझेरियनही कमी. आपल्या केंद्र सरकारनं 2016 मध्ये सरकारी दवाखान्यांत अशी सोबतीण आत ठेवायला मान्यता दिली. ती शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी. सातव्या महिन्यातच दवाखान्यात विचारून ठेवा, आत कोण येणार आणि येऊ देणार का.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. बाकावर वाट पाहण्यात वेळ जातोच. तेवढ्यात कळा कशा मोजायच्या आणि कधी निघायचं, हे एखाद्या नर्सबाईनं सांगितलं तर फी भरून क्लास लावायला नको. आपल्या भागात मराठीतून आणि कानडीतूनही सांगावं लागेल, एवढंच.