बंद यंत्राचा मालक कोण?



मेलबर्नच्या स्पेन्सर स्ट्रीट-लॉन्सडेल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आज 'अपर वेस्ट साइड'चे उंच टॉवर आहेत. तिथे १८९४ ते १९८२ या काळात वीजकेंद्र होते, आणि ते मेलबर्न सिटी कौन्सिलचे, म्हणजे चक्क नगरपालिकेचे! सुरुवात रस्त्यावरच्या दिव्यांसाठी झाली. इंधन आधी कोळसा, पुढे तेल. लॅट्रोब व्हॅलीतून स्वस्त वीज यायला लागल्यावर त्याचे रोजचे काम संपत गेले. मागणी शिगेला पोचली की तेवढ्यापुरते चालवायचे, एवढेच उरले.

त्या केंद्रासाठी गळा काढायचा नाही. भर शहरात तेलाचा धूर कोणाला हवा? पण वर्षातले बरेच दिवस थंड पडून राहणारे यंत्र कोणीतरी सांभाळावे लागते, आणि तो 'कोणीतरी' तेव्हा कौन्सिल होते. नव्वदच्या दशकात कौन्सिलचा वीजव्यवसाय 'सिटीपॉवर'मध्ये गेला. ती कंपनी आधी अमेरिकन एंटर्जीला विकली गेली आणि पुढे मुख्यतः हाँगकाँगच्या च्युंग काँग समूहाकडे गेली.

यात बिघडले काय, ते ८ फेब्रुवारी २०१७ रोजी अॅडलेडमध्ये दिसले. चाळिशीपार उकाड्याच्या त्या संध्याकाळी सुमारे ९०,००० घरांत लोडशेडिंग झाले. (हा शब्द आपण महाराष्ट्रातच सोडून आलो असे वाटले होते.) सॉफ्टवेअरच्या चुकीने गरजेपेक्षा कितीतरी जास्त वीज तोडली गेली, हे खरे. पण त्याच वेळी शहराजवळच्या पेलिकन पॉइंट या खासगी गॅसकेंद्राचा निम्मा भाग बंद होता. उपलब्ध क्षमतेची माहिती देण्याबाबतचे नियम कंपनीने मोडल्याचे पुढे न्यायालयाने ठरवले, पण माझ्या मते खरी गोम वेगळीच आहे. परवडत नसेल तर यंत्र बंद ठेवायची मुभा बाजार देतो.

त्यानंतर वेदरिल सरकारने डिझेलवर चालणारी नऊ टर्बाइन विकत घेतली, एकूण २७६ मेगावॅट. २४ जानेवारी २०१९ला अॅडलेडचा पारा ४६.६ अंशांवर गेला आणि ती पहिल्यांदा कामाला लागली. दुसऱ्या दिवशी व्हिक्टोरियात दोन लाखांवर ग्राहकांची वीज आळीपाळीने तोडावी लागली. त्याच वर्षी मार्शल सरकारने ही यंत्रे २५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दोन खासगी कंपन्यांना देऊन टाकली!

कोणी म्हणेल, "एन्रॉनच्या वेळी तुम्हीच ओरडत होता ना, की न वापरलेल्या विजेचे पैसे भरू नका म्हणून?" होय, ओरडत होतो. पण दाभोळ हा रात्रंदिवस चालवायचा अवाढव्य प्रकल्प होता. करार आधी गुप्त, दर डॉलरशी बांधलेला, आणि वीज मंडळाला न झेपणारा. गर्दीच्या चार तासांसाठी ठेवलेले छोटे यंत्र म्हणजे विम्याचा हप्ता. तो भरायला हरकत नाही, फक्त हिशेब उघडा हवा आणि जाब विचारायला मालक समोर हवा.

आता डिझेलचे हे काम बॅटऱ्या करू लागल्या आहेत, ही आनंदाचीच गोष्ट. पण महाग वेळेची वाट पाहत बॅटरीसुद्धा भरलेली ठेवता येते. त्याच मेलबर्न सिटी कौन्सिलने 'पॉवर मेलबर्न' योजनेत स्वतःच्या इमारतींमध्ये बॅटऱ्या बसवायला घेतल्या. स्पेन्सर स्ट्रीटच्या मानाने आकार अगदी किरकोळ. तुमच्या कौन्सिलमध्ये असा प्रस्ताव आला, तर किती किलोवॅट हे विचाराच, पण ऐन उन्हाळ्यात संध्याकाळी सहा वाजता त्याचे बटण कोणाच्या हातात असेल, हे आधी विचारा.